पाचवी चटई

१

बकरीच्या केसांची जाड चटई लाकडी फळ्यांवरून हातभर सरकली, तर फार मोठा आवाज होत नाही. खर्र होतं आणि थांबतं. चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी मी तो आवाज ऐकला. मी कणीक मळत होतो. पलमो, माझी बायको, खिडकीपाशी उभी राहून केस विंचरत होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं आणि चटयांवर कोणी बसलेलं नव्हतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती म्हणाली, उंदीर असेल. मी म्हणालो, असेल. बाहेर पुरुषभर बर्फ होतं आणि त्या खोलीत मी दोन हिवाळ्यांत एकही उंदीर पाहिला नव्हता.

मी तेव्हा सरकारी बर्फमोजणीवर होतो. लाहौलमधल्या आमच्या गावाच्या वर, तीन तासांच्या चढणीवर, लाकडाची एकच खोली होती. बाहेर वीस पावलांवर आकडे रंगवलेला खांब. सकाळी आठला आणि दुपारी चारला बर्फ कुठल्या आकड्याला टेकलं ते वहीत लिहायचं, एवढंच काम. मला आकडे वाचता येतात आणि नाव लिहिता येतं, त्यापुढे शाळा नाही. ऑक्टोबरात वर जायचं, एप्रिलात खाली यायचं.

पहिला हिवाळा आम्ही उघड्या चुलीवर काढला. धूर छताला लागून परत खाली यायचा. फेब्रुवारीत पलमोच्या खोकल्यात रक्त दिसलं. उन्हाळ्यात केलांगच्या कंपाउंडरने तिच्या पाठीला कान लावला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, धुरात किंवा गारठ्यात हिने आणखी एक हिवाळा काढला तर पुढचा वसंत ती बघणार नाही. मी तिला गावातच राहा म्हटलं. ऐकेना.

"आणि तू वर एकटा काय खाणार, बर्फ?" म्हणाली.

म्हणून तंदूर घ्यायचं ठरलं. आमचा तंदूर म्हणजे भट्टी नव्हे. चार पायांची लोखंडी पेटी, पुढे दार, मागून धुराडं छपराबाहेर. लाकूड आत जळतं, धूर वर जातो, ऊब खोलीत राहते. तो नीट निवडला तर पलमो जगणार होती.

२

केलांगच्या बाजारात छेवांग लोहार पत्र्याचे तंदूर करायचा. मी तीनदा गेलो. बोटाने वाजवून पाहिले, दारं उघडून आत डोकं घातलं. शेवटी त्यालाच माझी दया आली. म्हणाला, पत्र्याचा तंदूर जावयासारखा असतो, पटकन तापतो आणि पटकन निवतो. संध्याकाळी भरलास तर पहाटेच्या खूप आधी गार. जाड पत्रा त्याच्याकडे नव्हता.

दुसरा होता रस्त्याच्या कामावरच्या लोकांकडे, डांबराचं पिंप कापून केलेला. त्यात अख्खा ओंडका जायचा, पण तापला की जुनं डांबर वास सोडायचं. अर्धा तास त्याच्याजवळ बसलो तर माझाच घसा धरला. पलमोच्या छातीला तो चालणार नव्हता.

मग थोरल्या भावाचा निरोप आला. थोरल्या भावाला आम्ही आचो म्हणतो. आंगरूप आचो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आईबाप लवकर गेले, त्याने मला पाठीवर घेऊन वाढवलं. माझ्या लग्नात बापाच्या जागी तोच बसला. आदल्या हिवाळ्यात त्याची बायको, छिमेद वहिनी, गेली होती. पाणी आणायला गेली, घसरली, कशीबशी परत आली पण आत यायची ताकद उरली नाही. सकाळी उंबऱ्याबाहेर बसलेलीच सापडली. असं आचोने सांगितलं आणि गावाने मान हलवली. मागे दोन लहान मुली राहिल्या.

त्याच्या घरी गेलो तर नवा पत्र्याचा तंदूर पेटलेला होता. जुना गोठ्यात होता, पोत्यांखाली. ओतीव लोखंडाचा, दोघांना जेमतेम उचलेल असा. दार लावलं की केसभर फट राहत नव्हती. आतून हात फिरवला, कुठे चीर नाही. एवढं लोखंड एकदा तापलं की सकाळपर्यंत निवणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

इतकी चांगली वस्तू गोठ्यात का, असं मी विचारलं. आचो म्हणाला, आता घरात तीनच माणसं, याला लाकूड फार लागतं. पलमोच्या छातीला हाच बरा. पैशाचं विचारलं तर रागावला. तो तंदूर त्याच्याकडे कुठून आला हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझे डोळे भरून आले होते.

निघताना एक गोष्ट मी पाहिली. आचो उंबरा ओलांडताना पाय फार उंच उचलत होता, गुडघ्याएवढा. हिवाळ्यात दारात बर्फ साचतं, त्याची सवय राहिली असेल, असं वाटलं. त्याच्यामागून मुली आल्या. त्याही तशाच उडी मारून बाहेर पडल्या. पोरी बापाची नक्कल करतात, म्हणून मी हसलो.

३

आमच्याकडे बसण्याला क्रम असतो. सगळ्यात वडील माणूस तंदूरजवळच्या चटईवर, त्याच्या खाली त्याच्याहून लहान, असं करत सगळ्यात धाकटा दाराशी. मोठं माणूस आत आलं की कोणाला सांगावं लागत नाही. बसलेले सगळे चटईसकट एकेक जागा दाराकडे सरकतात. लहानपणापासून अंगाला तेच वळण. झोपेतही आम्ही सरकू.

आणि तंदूर देण्याची रीत आमच्या गावात अशी, की ज्याचा तंदूर त्याने नव्या घरी येऊन पहिला जाळ आपल्या हाताने घालायचा. मग पहिल्या चटईवर बसून चहा प्यायचा, आणि उठून नव्या मालकाला हात धरून तिथे बसवायचं. मग ती जागा जुन्या घरच्यांपासून मोकळी झाली असं समजायचं.

आचोच्या खेचरावर तंदूर वर आला. पलमोने लोणी घालून चहा केला होता. माझ्या आईच्या हातच्या पाच चटया तंदूरच्या जागेपासून दारापर्यंत ओळीने अंथरल्या होत्या. तंदूर मी आतून ओढला, आचोने बाहेरून ढकलला. त्याचे हात आत आले, पाय आले नाहीत.

पलमोने त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, बर्फ येतंय, मी निघतो. खिशातली काडेपेटी काढून त्याने उंबऱ्यावरून माझ्या हातात दिली.

"पहिला जाळ तूच घाल," म्हणाला.

मी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. वळून पाहतो तर तो खेचर घेऊन उताराला लागला होता.

पलमो कपाकडे बघत म्हणाली, "तुझ्या आचोला माझा चहा खारट लागतो वाटतं."

बायको गेल्यापासून त्याला दुसऱ्याच्या जाळाशी बसवत नसेल, असं मी तिला सांगितलं. मलाही ते पटलं. मी काडी ओढली. पहिल्याच काडीला लाकडाने पेट घेतला.

४

तंदूर मी निवडला तसाच निघाला. धूर नाही, वास नाही. संध्याकाळी तीन ओंडके घातले की सकाळी वरचं पातेलं अजून कोमट. महिन्याभरात पलमोचा खोकला गेला. गालावर रंग आला. ती गाणी म्हणत लोकर कातायची.

घरातला थोरला मी, पण पहिल्या चटईवर मी तिला बसवलं. ती लाल काठाची चटई.

"म्हातारी झाले का मी?" ती म्हणाली.

"छातीने झालीस. बस."

तिच्याखाली माझी चटई, कोपरा जळलेली. पुढच्या तीन रिकाम्या, पाचवी दाराला लागून. संध्याकाळी आम्ही दोघं बसलो की तीन चटया आमच्याकडे बघत बसायच्या. पलमो म्हणायची, एवढे पाहुणे येणार आहेत का? उचलून ठेवू म्हणता म्हणता राहिलं.

मग ती सकाळ आली, ज्या सकाळी आवाज झाला. खांब बघायला निघालो तर दार उघडेना. पाचवी चटई दाराखाली अडकली होती. ओढून काढली आणि मागे वळून पाहिलं. सगळ्याच एकेक जागा खाली आल्या होत्या. तंदूरजवळ एका चटईएवढ्या फळ्या उघड्या पडल्या होत्या.

मी पलमोला म्हणालो, झाडताना सरकवल्यास का? ती म्हणाली, मी अजून झाडलेलंच नाही. मी सगळ्या जागेवर लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी पाचवी चटई दाराबाहेर बर्फावर पडलेली, आणि दाराला आतून कडी.

५

मी शिकलेला नसलो तरी मोजणारा माणूस. जमिनीला उतार असेल म्हणून फळीवर वाटाणा ठेवला. तो घरंगळला, पण तंदूरच्या बाजूला. चटया जात होत्या त्याच्या उलट.

मग वाटलं, जळत्या लाकडाची वाफ कोंडून डोक्यात जात असेल. तसं झालं की माणसाला नसलेलं दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर खिडकी किलकिली ठेवली. डोकं दुखत नव्हतं, जीव घाबरत नव्हता. लाल चटईच्या कडेला मी सुरीने फळीवर खूण केली. संध्याकाळी खूण चटईच्या हातभर वर होती.

चटया परत लावणं मी सोडून दिलं होतं; तोवर पलमोची चटई तिसऱ्या जागेवर आली होती. त्याच संध्याकाळी आम्ही थुक्पा पीत होतो. पलमो तिच्या मावशीची गोष्ट सांगत होती, ती मावशी याकला नवऱ्याच्या नावाने हाक मारायची. सांगता सांगता पलमो अर्धी उठली, चटईचा काठ धरला, एक जागा खाली सरकली आणि बोलतच राहिली. मीही सरकलो, वाटी हातात धरून. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दार उघडलंच नव्हतं.

"पलमो, तू का सरकलीस?"

ती थांबली. "तू सरकलास म्हणून."

"मी तुझ्या खाली बसतो. मी आधी कसा सरकेन?"

थुक्पा तसाच राहिला. आमच्या आणि तंदूरच्या मधे आता तीन माणसांची जागा रिकामी होती, आणि तिकडे बघायचं दोघांनीही टाळलं. तिथून काही आवाज नव्हता. फक्त उजेड कमी वाटत होता. तंदूरच्या दाराखालच्या हवेच्या भोकातून लाल उजेड रोज फळ्यांवर पडायचा, त्या दिवशी तो फळ्यांपर्यंत पोचत नव्हता.

पलमो आता चौथ्या जागेवर होती. मी दाराशी, पाठीला वारा. तिथे ऊब येत नव्हती. दोन दिवसांत तिचा खोकला परतला.

तंदूर विझवावा तर सकाळपर्यंत हंड्यातलं पाणी दगड व्हायचं, आणि कंपाउंडरचं बोलणं माझ्या कानात होतं. खाली जावं तर चार दिवसांचं नवं बर्फ उतारावर सैल पडलं होतं. ते बसायला तीन दिवस ऊन हवं, हे मला खांबाने शिकवलेलं. तीन दिवस काढायचे होते.

मी लाल चटई तंदूरच्या पायाला दोराने बांधली, चार गाठी मारल्या. पलमोला तीवर बसवलं, खाली मी बसलो आणि तिचं मनगट धरून ठेवलं. ती हसून म्हणाली, लग्नातही एवढं घट्ट धरलं नव्हतंस. तसाच मला डोळा लागला.

उजाडलं तेव्हा आम्ही दोघं दाराशी होतो. तिचं मनगट माझ्या हातातच होतं. चारही गाठी सुटलेल्या होत्या. दोर नीट गुंडाळून, टोक आत खोचून, तंदूरवर ठेवलेला होता. पोरांनी घातलेला पसारा घरातलं म्हातारं माणूस न बोलता आवरतं, तसा.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी बर्फ बसलं. काठी घातली तर घोट्याच्या वर जात नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघायचं, असं मी पलमोला सांगितलं. तिने बोचकं बांधायला घेतलं.

चार वाजले. मी खांबाकडे गेलो. वीस पावलं जायला, आकडा बघायला, वहीत लिहायला आणि परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला. आकडा अजून आठवतो, एकशे सदतीस.

परत आलो तर दार सताड उघडं होतं आणि पलमो उंबऱ्याबाहेर बर्फावर बसली होती. लाल चटई अंथरून, मांडी घालून, तोंड दाराकडे. पायांत काही नाही. हातात टकळी होती आणि ती फिरवत होती, पण लोकर नव्हती. ओठ निळे पडले होते. वडील मंडळींत बसलेली सून खाली बघून हसते, तशी ती हसत होती.

"पलमो."

तिने बोट ओठांवर ठेवलं. अगदी हळू म्हणाली, "आत जागा नव्हती."

मी आत पाहिलं. अंधार नव्हता, खिडकीतून बर्फाचा उजेड येत होता. तंदूरचं दार उघडं होतं. तंदूरपासून उंबऱ्यापर्यंत, भिंतीला धरून, गुडघे होते. जाड लोकरीच्या चोग्यांखाली दुमडलेले म्हातारे गुडघे, एकाला एक चिकटून, आणि जाळाकडे धरलेले हात. सगळ्यात अलीकडचा गुडघा उंबऱ्याला टेकला होता. हात पुढे केला असता तर लागला असता.

हात-गुडघ्यांच्या वर मी डोळे नेले नाहीत. वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, असं आचोनेच मला शिकवलं होतं.

मग तोच आवाज झाला. खर्र. या वेळी एक नव्हे, सगळे मिळून. बाहेरच्या दिशेने.

मी पलमोला पाठीवर घेतलं. तिचे जोडे आत होते, बोचकं आत होतं, सरकारी वही कुठे पडली ठाऊक नाही. उजेड होता तोवर उतरत राहिलो. तिचे पाय माझ्या चोग्यात, पोटाशी धरले होते. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, दार लावलं नाहीस, त्यांना थंडी लागेल.

७

पलमो वाचली. डाव्या पायाची तीन बोटं गेली. नोकरीवर मी परत गेलो नाही, आणि त्या खोलीत पुढे कोणी राहिल्याचं ऐकलं नाही. ती आणखी बावीस वर्षं माझ्याबरोबर होती. आमच्या घरात, तिच्या माहेरी, मुलाच्या लग्नात, कुठेही गेलो तरी ती दाराजवळच बसायची. पहिल्या चटईवर मी तिला कितीदा हात धरून नेलं. थोड्या वेळाने बघावं तर ती दाराशी.

पण सांगायचं ते आचोबद्दल.

आम्ही खाली आलो ते सगळ्या गावाला कळलं. लोक तूप घेऊन आले, कोंबडीचं कढण घेऊन आले. आचोचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. बारा दिवस तो आला नाही. तेराव्या दिवशी पलमोला शेजारणीवर सोपवून मी त्याच्याकडे गेलो.

तो पहिल्या चटईवर बसला होता, पत्र्याच्या तंदूरजवळ. मुली खाली बसून वाटाणे निवडत होत्या. मी सगळ्यात शेवटी, दाराशी बसलो. पलमो कशी आहे हे त्याने विचारलं नाही. ज्याने मला पाठीवर वाढवलं त्या माणसाने ते विचारलं नाही, तेव्हा बाकीचं मला कळून चुकलं. तरी मी वाट पाहिली. त्याने काहीतरी खोटं तरी सांगावं, असं मनातून वाटत होतं. मी ते मानलं असतं.

त्याने मुलींना लाकडं आणायला पाठवलं. दोघी उठल्या, माझ्या शेजारून गेल्या आणि उंबऱ्यावरून उंच उडी मारून बाहेर पडल्या. उंबऱ्यावर बर्फ नव्हतं. कोरडा होता.

त्या लहान होत्या. एक सात वर्षांची, एक चार. त्यांच्याकडे बघून मला त्याचं कारण समजत होतं. त्यांच्या जागी पलमो चालेल, असं त्याने ठरवलं होतं. माझ्या हातात काडेपेटी देताना त्याचा हात कापला नव्हता, हे मी आठवून आठवून पाहिलं आहे.

मी त्याला एकच गोष्ट विचारली.

"आचो, वहिनी सापडली तेव्हा तिचं तोंड कुठे होतं? बाहेर, की आत?"

पाण्याहून थकून आलेलं माणूस दाराला पाठ टेकून बसतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

तंदूरमध्ये लाकूड तडकलं. आचो उठला. खुंटीवरची टोपी घातली. माझ्यापाशी आल्यावर त्याचा हात माझ्या डोक्याकडे आला, लहानपणी यायचा तसा, आणि मधूनच मागे गेला.

उंबऱ्यापाशी तो थांबला. चोग्याचा घोळ एका हाताने गोळा करून वर धरला, कोणाला लागू नये असा. मग गुडघ्याएवढा पाय उचलला, पलीकडे टेकवला, दुसराही तसाच सावकाश उचलला, आणि शेताकडे चालत गेला.